त्रास रात्रीचा, दुरुस्ती दिवसाची : सीपॅप आणि मास्कसोबतचा पहिला महिना

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून सतत हवेचा दाब देणारे यंत्र म्हणजे सीपॅप. माझ्या सीपॅपच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास रोज एकच प्रकार घडत असे. डाव्या डोळ्यावर गार हवेची बारीक धार येई, जाग येई, आणि मी अंधारात चाचपडत मास्कचा वरचा पट्टा आणखी थोडा ओढून घेई. पाचव्या दिवशी सकाळी आरशात पाहिले तेव्हा नाकाच्या दांड्यावर लालबुंद वळ उठला होता आणि तिथली कातडी सोलवटायला आली होती. हवा मात्र पहिल्या रात्रीपेक्षा जास्तच गळत होती. पुढे लक्षात आले की मास्कचे माप दुकानात खुर्चीवर ताठ बसून, यंत्र बंद असताना घेतले गेले होते आणि विक्रेत्याने मला लागणाऱ्या मापापेक्षा एक माप मोठे कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, दिले होते. पाच रात्री मी पट्टा आवळून चुकीच्या मापाची भरपाई करत होतो.

नवख्या माणसाच्या बऱ्याचशा तक्रारी याच जातीच्या असतात. अडचण रात्री येते म्हणून ती रात्रीच, अर्धवट झोपेत सोडवायचा प्रयत्न होतो आणि त्या प्रयत्नातूनच ती वाढते. म्हणून पुढे दिलेली पद्धत एका नियमाभोवती बांधलेली आहे. रात्री काय त्रास झाला एवढेच लक्षात ठेवायचे, आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी उजेडात, आडवे पडून, यंत्र चालू ठेवून करायची.

आधी यंत्र काय करते ते समजून घ्यावे

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाच्या घशाच्या मऊ भिंती श्वास आत घेताना एकमेकींना चिकटतात, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन घसा पुन्हा मोकळा करतो. श्वास अडण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला सरासरी किती येतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये तो ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीच्या, अहवालातला आपला आकडा पाठ असावा, कारण यंत्र वापरू लागल्यावर तो किती उतरला यावरच उपचार लागू पडतो आहे की नाही हे ठरते.

सीपॅप या त्रासावर अगदी साधा इलाज करते. ते नळीतून सतत हवेचा दाब देते आणि त्या हवेच्या आधारावर घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये तो ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरसारख्या मोटरवर चालत, आणि नाकाचा साचा घेऊन बनवलेला मास्क रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावा लागत असे. आजच्या मास्कला नावे ठेवताना मला ते पहिले रुग्ण आठवतात.

दाबाचे एकक ‘सेंटिमीटर पाणी’ हे आहे आणि घरगुती यंत्रे साधारणपणे ४ ते २० च्या दरम्यान दाब देतात. हा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. उंच पेल्यात पाणी भरून त्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवावी आणि एक बुडबुडा निघेल इतकीच फुंकर मारावी. त्या फुंकरीला लागला तो १० चा दाब. फुप्फुसांना तो जड नसतो, पण चेहऱ्याला अनोळखी असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सीपॅप हा व्हेंटिलेटर नव्हे. ते तुमच्या वतीने श्वास घेत नाही. श्वास तुमचाच असतो, यंत्र फक्त वाट मोकळी ठेवते. यंत्राच्या लयीत श्वास घ्यायचा प्रयत्न करणारे लोक दमतात, कारण यंत्राला लयच नसते.

यंत्र घरी आल्यावर

डॉक्टरांनी कोणता दाब लिहून दिला आहे आणि यंत्र ठरावीक दाबाचे आहे की ऑटो (गरजेप्रमाणे दाब आपणच कमीजास्त करणारे), हे कागदावर लिहून घ्यावे आणि यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर तेच दिसते का ते पडताळावे. ऑटो यंत्राला एक किमान आणि एक कमाल मर्यादा दिलेली असते. ही किमान मर्यादा पुष्कळदा कारखान्यातून आलेल्या ४ वरच राहून जाते, आणि अंगाने भरलेल्या माणसाला त्या दाबावर ‘हवा पुरत नाही’ असे वाटते. गंमत अशी की हा माणूस ‘प्रेशर फार आहे’ अशी तक्रार करतो, आणि प्रत्यक्षात त्याला थोडे जास्त प्रेशर हवे असते. मास्क लावल्यावर पहिल्या मिनिटातच गुदमरल्यासारखे होत असेल तर ते जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावे. दाबाच्या सेटिंगचा मेनू कसा उघडायचा हे दाखवणारे अनेक जण भेटतील, पण तो आपल्या हाताने बदलू नये.

दोन सोयी मात्र रुग्णाने स्वतः वापरायच्या असतात. पहिली रॅम्प. यात यंत्र कमी दाबाने सुरू होते आणि काही मिनिटांत, अनेक यंत्रांत जास्तीत जास्त ४५ मिनिटांत, ठरलेल्या दाबावर पोहोचते. दुसरी सोय श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी. कंपनीनुसार तिचे नाव वेगळे असते आणि सहसा तिच्या १, २, ३ अशा पायऱ्या असतात. श्वास बाहेर टाकताना भिंतीवर फुंकर मारल्यासारखे वाटत असेल तर ही दुसरी सोय चालू आहे का ते पाहावे.

यंत्र पलंगाच्या उंचीपेक्षा थोडे खाली, सपाट स्टुलावर ठेवावे, म्हणजे ह्युमिडिफायरमधले (हवेला ओलावा देणाऱ्या टाकीतले) पाणी नळीत येत नाही आणि नळी ओढली गेली तरी यंत्र अंगावर पडत नाही. मागची हवा ओढण्याची जाळी पडद्याला किंवा भिंतीला चिकटू देऊ नये. खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा धूप लावला तर तो धूर यंत्र इमानेइतबारे ओढून तुमच्या नाकात पोहोचवते. फिल्टर धूळ अडवतो, धुराचा वास अडवत नाही. मच्छरदाणी हा उत्तम पर्याय आहे आणि नळी तिच्या खालच्या कडेतून सहज आत येते.

मास्कची निवड

मास्कचे तीन प्रमुख प्रकार आहेत. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे पिलो मास्क, फक्त नाक झाकणारे नेझल मास्क, आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारे मास्क, ज्यांना बाजारात फुल फेस म्हणतात. आपल्याकडे विक्रेता पुष्कळदा न विचारताच फुल फेस मास्क हातात ठेवतो, कारण ‘तोंड उघडले तरी चालते’. माझ्या मते ही सोय विक्रेत्याची अधिक आणि रुग्णाची कमी असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सुरुवात नेझल किंवा नाकपुड्यांतल्या मास्कने करणे बरे असेच सुचवले आहे. मास्क जितका मोठा, तितकी गळतीला जागा जास्त आणि चेहऱ्यावरचा भार जास्त.

आपले नाक या कामाला पुरेसे मोकळे आहे का हे घरीच पाहता येते. तोंड मिटून पंधरा मिनिटे वर्तमानपत्र वाचावे. मध्येच तोंड उघडावे लागले नाही तर नेझल मास्क निभावण्याची शक्यता चांगली आहे. नाकाचे हाड वाकडे असेल, ॲलर्जीची सर्दी बारमाही असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि मग मास्क ठरवावा. उलट क्रमाने गेल्यास एक मास्क वाया जातो, आणि मास्क स्वस्त नसतात.

माप घेताना मात्र काही खास आपल्या गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते, ज्या कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाहीत. चमकी किंवा नथीचा खिळा नाकपुडीच्या बाहेर येत असेल तर नेझल कुशन तिथे बसत नाही आणि पिलो मास्क टोचतो. रात्री ती काढून ठेवता येत नसेल तर मास्क चमकीसकट घालून पाहावा. घट्ट अंबाड्यावर हेडगिअरचा (मास्क धरून ठेवणाऱ्या डोक्याभोवतीच्या पट्ट्यांचा) मागचा पट्टा घसरतो, सैल वेणी त्या मानाने बरी. झुपकेदार मिशांवर नेझल मास्क गळतो, पिलो मास्क पुष्कळदा चालून जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, जे रात्री कवळी काढून झोपतात त्यांनी मास्कचे माप कवळी काढूनच द्यावे. कवळी काढली की गाल आणि वरचा ओठ आत जातात, आणि दुकानात नेमका बसलेला मास्क घरी सगळीकडून फुसफुसतो.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या चकत्या असतात. पेसमेकर, शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर, मेंदूतील धातूची क्लिप किंवा अशी कोणतीही वस्तू ज्यांच्या शरीरात आहे त्यांनी चुंबकाचा मास्क घेऊ नये. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात तशी वस्तू असेल तरी हेच लागू होते.

मास्क बसवण्याची रीत

हे काम संध्याकाळी, घाई नसताना करावे. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा. क्रीम, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलेल्या त्वचेवर सिलिकॉन घसरते आणि लवकर खराबही होते. सर्व पट्टे सैल करून मास्क चेहऱ्यावर धरावा, मग हेडगिअर डोक्यावरून मागे न्यावे आणि दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, सारखेच ओढावेत. एक बाजू आधी आवळली की मास्क तिरका बसतो आणि पुढची सगळी मेहनत तो तिरकेपणा झाकण्यात जाते.

आता यंत्र सुरू करून पलंगावर, आपल्या नेहमीच्या उशीवर आडवे व्हावे. आडवे झाल्यावर गालाची त्वचा सरकते, म्हणून बसून केलेली मापे उपयोगी पडत नाहीत. ‘मास्क फिट’ अशी सोय असेल तर ती सुरू करावी. ती काही वेळ प्रत्यक्ष उपचाराच्या जवळचा दाब देते. नसेल तर रॅम्प बंद करून तपासावे, कारण ४ च्या दाबावर न गळणारा मास्क १२ वर गळू शकतो.

हवा कुठे निसटते आहे ते बोटाने शोधावे. लगेच पट्टा ओढू नये. मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढावा, कुशनमध्ये हवा भरू द्यावी आणि हळूच परत टेकवावा. कुशनची पातळ पाळी हवेनेच फुगून त्वचेला चिकटते. ती चिरडली की तिचे काम संपते. पट्टा आवळल्यावर गळती का वाढते याचे उत्तर यात आहे. एवढे करूनही डोळ्यांकडे हवा येत असेल तर वरचे पट्टे, हनुवटीकडे गळत असेल तर खालचे पट्टे, एका वेळी अगदी थोडे घट्ट करावेत. मग डाव्या कुशीवर वळावे, उजव्या कुशीवर वळावे, तोंडाची हालचाल करावी. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. मास्क बसला की पट्ट्यांच्या टोकांवर पेनाने खूण करून ठेवावी. धुतल्यानंतर परत तिथेच आणता येते.

मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून सतत बाहेर पडणारी हवा ही गळती नव्हे. तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ती छिद्रे टेपने किंवा पांघरुणाने कधीही झाकू नयेत.

सवयीच्या पायऱ्या

काहींना पहिल्या रात्रीच गाढ झोप लागते. पण ज्यांना तोंडावर काही आले की जीव घाबरा होतो, त्यांनी थेट रात्रीच्या झोपेपासून सुरुवात करू नये. पहिल्या एक-दोन दिवशी फक्त मास्क, नळीशिवाय, बैठकीत टीव्ही पाहताना पाच मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत लावावा. घरातले हसतील, हसू द्यावे. नंतर नळी जोडून, यंत्र चालू करून, मास्क पट्ट्यांशिवाय नुसता हाताने नाकाशी धरावा. हवा येते, हवी तेव्हा मास्क दूर करता येतो, ही जाणीव शरीराला होणे हाच या पायरीचा हेतू आहे. ते सोपे झाले की पट्टे लावून खुर्चीत बसावे आणि वाचन, भाजी निवडणे, रेडिओ ऐकणे अशा हातातल्या कामात तासभर काढावा. नेझल मास्क असेल तर तोंड मिटून ठेवावे, कारण बोलायला तोंड उघडले की हवा नाकातून येऊन तोंडातून धबधब्यासारखी बाहेर पडते, आणि पहिल्यांदा तसे झाले की माणूस दचकतो.

पुढची पायरी म्हणजे दुपारची वामकुक्षी मास्क लावून. आपल्याकडे ती सवय आहेच, तिचा उपयोग करून घ्यावा. आणि त्यानंतर रात्र. प्रत्येक पायरीवर मनातली भीती उतरेपर्यंत थांबावे; कोणी तीन दिवसांत रात्रीपर्यंत पोहोचतो, कोणाला दोन आठवडे लागतात. मास्क झटकन कसा काढायचा, नळी कुठून सुटते, हे डोळे मिटून दहा वेळा करून पाहावे. सुटका हाताशी आहे हे हाताला कळले की छातीतली धडधड पुष्कळ कमी होते. एवढे करूनही भीती हटली नाही तर डॉक्टरांना सांगावे. त्यावर मानसोपचाराच्या ठरलेल्या पद्धती आहेत. झोपेची गोळी मात्र स्वतःहून घेऊ नये. दारूही नको, कारण ती घशाचे स्नायू आणखी सैल करते.

रात्रीच्या वापराचा हिशेब तासांत ठेवावा. अमेरिकेतील विमा व्यवस्थेत ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर ही पुरेशा वापराची कसोटी मानतात. पहिल्या महिन्याचे उद्दिष्ट म्हणून ती वाईट नाही, पण ४ तासांवर समाधान मानू नये. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा टप्पा अधिक असतो, त्या टप्प्यात स्नायू सर्वाधिक सैल असतात, आणि पुष्कळांचा ॲप्निया तेव्हाच बळावतो. तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस नेमक्या त्या तासांत उघडा पडतो.

कोणत्या तक्रारीवर काय करावे

नाकाच्या दांड्यावर वळ : सकाळचा वळ अर्ध्या तासात गेला तर काळजी नको. तो दुपारपर्यंत टिकत असेल किंवा कातडी सोलत असेल तर पट्टे सैल करावेत, कुशनचे माप तपासावे आणि काही दिवस नाकपुड्यांखाली बसणारा मास्क वापरता येतो का ते पाहावे. जखमेवर मलम लावून त्यावरच मास्क दाबणे हा उपाय नाही.

तोंड आणि घसा कोरडा पडणे : झोपेत तोंड उघडून हवा निसटते आहे, असा याचा बहुधा अर्थ असतो. तोंड का उघडते हे आधी पाहावे, आणि नाक बंद हे त्याचे नेहमीचे कारण. झोपण्यापूर्वी सलाईनचा फवारा नाकात मारावा. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे, थेट नळाचे नको. नाक मोकळे असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क, हा पुढचा विचार. ह्युमिडिफायर एक-दोन अंकांनी वाढवल्यानेही बराच फरक पडतो.

नाक चोंदणे, शिंका : पहिल्या दोन आठवड्यांत हे पुष्कळांना होते. कोरडी हवा नाकाच्या आतल्या त्वचेला झोंबते आणि ती सुजते. येथे ह्युमिडिफायरचा आकडा ऋतूप्रमाणे आणि गावाप्रमाणे ठरतो. विदर्भातला मे महिना किंवा रात्रभर एसी चालणारी खोली यांना जास्त ओलावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तोच आकडा खाली आणावा लागतो. पाण्यात कापूर, निलगिरीचे तेल, बाम असले काही टाकू नये. ते टाकीचे प्लास्टिक खराब करते आणि सतत फुप्फुसात जाते.

नळीत पाणी : माझ्याकडे हे पहिल्या थंडीत झाले. मध्यरात्री नळीतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येऊ लागला आणि थोड्या वेळात नाकावर गार पाण्याचे थेंब पडले. टाकीतली ओली गरम हवा थंड खोलीतल्या थंड नळीतून जाताना तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. गरम होणारी नळी असेल तर तिचे तापमान वाढवावे. नसेल तर नळी पांघरुणाखालून घ्यावी किंवा तिला जुन्या सुती कापडाची खोळ शिवून घालावी, आणि ओलाव्याचा आकडा एकाने कमी करावा. माझे काम साडीच्या काठापासून शिवलेल्या खोळीवर भागले.

पोट फुगणे, ढेकरा : हवा अन्ननलिकेत जाते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, कुशीवर झोपावे, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवावे. पंधरा दिवसांत कमी झाले नाही तर दाबाचा प्रश्न असू शकतो आणि तो डॉक्टरांचा विषय आहे.

झोपेत नकळत मास्क काढून टाकणे : सकाळी मास्क उशीखाली सापडतो आणि कधी काढला ते आठवत नाही. यामागे बहुधा गळती, चोंदलेले नाक किंवा अपुरा दाब असतो. यंत्राच्या नोंदीत वापर कधी थांबला ती वेळ पाहावी आणि त्याआधी गळती वाढली होती का ते तपासावे. गळतीचा आकडा अनेक यंत्रे थेट देतात. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालण्यासारखी मानली जाते. मास्क निघाल्यावर वाजणारी सूचना बहुतेक यंत्रांत सुरू करता येते.

पाणी, स्वच्छता आणि वीज

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्याने आठवडाभरात टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर बसतो. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. अडीअडचणीला एखाद्या रात्री चालेल, रोज नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी श्वासासाठी बनवलेले नसते, ते वापरू नये. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी पालथी घालावी.

मास्कचे कुशन रोज सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावे. नळी, टाकी आणि हेडगिअर आठवड्यातून एकदा. सगळे सावलीत वाळवावे, कारण उन्हात सिलिकॉन आणि पट्ट्यांचे लवचीक कापड दोन्ही लवकर मरतात. भांड्यांचा उग्र वासाचा साबण, डेटॉल, स्पिरिट यांपासून दूर राहावे. ओझोनने साफ करणारी उपकरणे घेऊ नयेत. फिल्टर महिन्यातून एकदा तरी पाहावा आणि काळा पडला की बदलावा. रस्त्यालगतच्या घरात तो लवकर काळा पडतो.

जुने यंत्र कोणाकडून घेत असाल तर एक तपासणी आवर्जून करावी. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणाऱ्या फोमच्या दोषामुळे २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली आपली अनेक यंत्रे परत बोलावली होती, त्यांत पहिल्या पिढीचे ड्रीमस्टेशन हे सीपॅप यंत्र होते. यंत्राचा सिरियल नंबर कंपनीकडे पडताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आधीच्या माणसाचा दाबही त्यात तसाच असतो. तो तुमच्या डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो.

लोडशेडिंगची भीती नवख्यांना फार असते. वीज गेली की हवा थांबते आणि माणूस बहुतेक वेळा आपणच जागा होतो. नेझल मास्कमध्ये तोंड मोकळे असते, आणि फुल फेस मास्कमध्ये दाब गेल्याबरोबर बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. धुताना ती झडप हलते का ते दर वेळी पाहावे. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा (नेहमीच्या विजेसारखीच वीज देणारा) असेल तर यंत्र त्यावर निर्धास्त चालते. यंत्रातली बहुतेक वीज पाणी आणि नळी गरम करण्यात जाते, म्हणून बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद ठेवला की बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

प्रवासात टाकी रिकामी करूनच यंत्र पिशवीत भरावे, नाहीतर पाणी उलटून मोटरमध्ये जाते. विमानात ते केबिनमध्ये जवळ ठेवावे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. रेल्वेच्या बर्थजवळच्या चार्जिंग पॉइंटवर रात्रभर भिस्त ठेवू नये. लांबच्या प्रवासाला यंत्राला जुळणारी बॅटरी हवी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

नाकातून वारंवार रक्त येणे, कान दुखणे, सायनसचा ताप, छातीत अचानक कळ येऊन धाप लागणे यांपैकी काही झाल्यास वापर थांबवून डॉक्टरांना कळवावे. छातीतली कळ आणि धाप ही तातडीची बाब आहे. नाक, सायनस किंवा मेंदूचे ऑपरेशन झाले असेल तर यंत्र पुन्हा केव्हा सुरू करायचे हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे. गळती कमी असून आणि वापर सात तास असूनही यंत्रावरचा एएचआय ५ च्या वर राहत असेल, किंवा सकाळी डोके जड होऊन उठत असाल, तर दाब, मास्क किंवा यंत्राचा प्रकार बदलावा लागेल. काहींना सीपॅपऐवजी बायपॅप, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे यंत्र, लागते. दिवसा पेंग येणे थांबेपर्यंत गाडी चालवू नये, विशेषतः द्रुतगती मार्गावर आणि पहाटेच्या वेळी.

पहिल्या फेरतपासणीला जाताना यंत्र किंवा त्याचे मेमरी कार्ड, मास्क आणि रोजच्या त्रासाची वही, तिन्ही घेऊन जावे. वहीत रोज दोन ओळी पुरतात, ‘दोनला जाग, डाव्या डोळ्यावर हवा, वरचा पट्टा’ इतपत. आणि मास्क दाखवताना खुर्चीवर बसून दाखवू नये. तपासणीच्या पलंगावर आडवे होऊन, यंत्र सुरू करून, आपण रात्री ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर वळून दाखवावा. माझे चुकीचे माप तिथेच, दोन मिनिटांत सापडले.